ढोबळे मॅडमचा ‘तपासले’ शिक्का

श्रीधरदादा, वहिनी, कुलसचिव सर, ग्रंथालयातले माझे सोबती, आणि पार व्हरांड्यापर्यंत उभे असलेले आपले विद्यार्थी.

बसायला जागा नाही, तरी कोणी परत गेलं नाही. मॅडम असत्या तर म्हणाल्या असत्या, "पुस्तकं न्यायले इतके आले असते तं बरं झालं असतं."

मी वंदना. ढोबळे मॅडमच्या हाताखाली सहायक ग्रंथपाल. तुमच्यातले बरेचजण मला काउंटरवरची खेकसणारी बाई म्हणून ओळखतात. सरांनी मला सांगितलं, मॅडमबद्दल दोन शब्द बोला. मी घरून लिहून आणलं होतं. त्यांचं शिक्षण, त्यांची सेवा, त्यांचा स्वभाव. तो कागद मी पर्समध्येच ठेवला आहे. रडू येतं म्हणून असं समजू नका. मला भीती वाटते आहे. मी घाबरलेली आहे, आणि घाबरलेल्या माणसाला गोड बोलता येत नाही. तेव्हा सांभाळून घ्या.

कशाची भीती, ते आधीच सांगून टाकते. ही सभा संपली की काही मुलं गाड्या काढून आर्वी रस्त्याला जाणार आहेत. पोडावर. कोलामांच्या त्या वस्तीवर. मी ऐकलं आहे. स्टँडवर गाड्या कशा एका रांगेत, तोंड फाटकाकडे करून लावल्या आहेत, ते मी येताना पाहिलं आहे. एरवी तुम्ही अशा शिस्तीत कधी लावत नाही.

का जाणार आहेत, तेही तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या प्रत्येकाच्या फोनमध्ये तो व्हिडिओ आहे. मॅडम रस्त्याच्या कडेला पडलेल्या. एक बाई त्यांच्या हातातल्या बांगड्या काढते आहे. एक माणूस त्यांची पिशवी उचकतो आहे. खाली ओळ आहे, मध विकणाऱ्या टोळीनं मॅडमला पाडलं, लुटलं आणि मारलं. आणि सोबत तीच ओळ छापलेल्या कागदाचा फोटो आहे, त्यावर आपल्या ग्रंथालयाचा जांभळा शिक्का. ‘तपासले.’

मित्रहो, तो शिक्का आपलाच आहे. बनावट नाही. म्हणून मी घाबरले आहे.

या शिक्क्याची गोष्ट नव्यांना माहीत नसेल. मॅडम पहिल्या वर्षाच्या मुलांचा वर्ग घ्यायच्या, वाचन कक्षात, दुपारच्या वेळी, जेवून झोप येते तेव्हा. खरं काय अन् खोटं काय, ते ओळखायचा वर्ग. मुलं त्याला ‘मूळ गाठा’चा तास म्हणायची. मॅडम विचारायच्या, आज फोनवर काय आलं? कोणी म्हणायचं, अमुक पाल्याचा रस प्यायला तर साखरेचा आजार जातो. मॅडम म्हणायच्या, "ठीक हाय. तुले कोनं पाठवलं? लाव त्याले फोन. त्याले विचार, तुले कोनं पाठवलं? मूळ गाठ. पहिला माणूस मले आणून दाखव."

आर्वीची एक मुलगी होती. तिनं काकाला फोन लावला. काका म्हणाले, साडूनं पाठवलं. साडू म्हणाला, पुलगावच्या कटिंगवाल्यानं. कटिंगवाला म्हणाला, "मले तं तुमच्याच काकानं पाठवलं ना बाई." सगळा वर्ग खो खो हसला. मीही हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हसू नका. बैल घाण्याभोवती फिरते तसं हे फिरून राह्यलं. पहिला कोनीच नाई, अन् साऱ्यायनं खरं मानलं. तुमाले ह्याचं भ्या नाई वाटत?"

तेव्हा नव्हतं वाटत. आता वाटतं.

मग मॅडमनी दाराशी फळा लावला. आलेला निरोप कागदावर काढायचा, मुलांनी शोध घ्यायचा, आणि खरा निघाला तरच त्यावर शिक्का मारायचा. मुलं त्याचा फोटो काढून घरी पाठवू लागली. हळूहळू गावोगाव लोक विचारू लागले, लायब्ररीचा शिक्का आहे का? आमच्या वडनेरला माझी आई शेजारणीला विचारायची, शिक्का हाय का? मला अभिमान वाटायचा. मॅडमना नाही वाटायचा. एकदा फळ्यासमोर उभ्या राहून त्या मला म्हणाल्या, "वंदना, मले ह्या शिक्क्याची धास्ती वाटते. लोकं आता कागद वाचत नाईत. नुसता शिक्का पाह्यतात."

मी म्हटलं, मॅडम, तुम्ही उगाच काळजी करता. त्या चष्मा पुसत बसल्या.

त्या शिकवायच्या ते फार साधं होतं. चित्र खरं आहे का, ते पाहा. मग चित्राखालची ओळ खरी आहे का, ते वेगळं पाहा. चित्र खरं असलं म्हणून ओळ खरी होत नाही. आणि मग, ज्याच्याबद्दल लिहिलं आहे त्यालाच जाऊन विचारा. हे शेवटचं कोणीच करत नाही, असं त्या म्हणायच्या. "काऊन करत नाई? कारण त्याच्यासाठी जागचं उठा लागते."

त्या दिवशी त्या जागच्या उठल्या होत्या. एक निरोप आला होता. बरणीतल्या मधाचा फोटो, तळाशी पांढरी कणी. खाली लिहिलेलं, पोडावरच्या बाया मधात साखर घालून विकतात, घेऊ नका. एका विद्यार्थिनीनं तो आणला. मॅडम म्हणाल्या, जिनं मध विकला तिलाच विचारून येते. मी म्हटलं, मॅडम, एवढ्याशा मधासाठी? त्या म्हणाल्या, "तिच्यासाठी एवढासा नाई ना तो." आणि स्कूटी काढून गेल्या.

परत निघताना, रस्त्याला लागून रेंज आल्यावर, त्यांनी मला फोन केला. त्यांचं माझ्याशी झालेलं ते शेवटचं बोलणं. आवाजात आनंद होता. म्हणाल्या, "फोटो खरा हाय वंदना, ओळ खोटी हाय. थंडीत मध असाच रवाळ होऊन बसते. बाईनं माह्या डोळ्यासमोर बरणी कोमट पान्यात ठेवली, अन् झाला पातळ. मी आल्यावर लिहून लावतो. चहा पाजला तिनं मले. लक्ष्मीबाई टेकाम नाव हाय." आमच्याकडे बायाही असं ‘लावतो’ म्हणतात, मॅडम तर हटकून म्हणायच्या.

मित्रहो, त्यानंतर मॅडम आल्याच नाहीत. आला तो व्हिडिओ.

आता जे सांगते ते नीट ऐका. मला पुन्हा सांगायची हिंमत होणार नाही.

तो व्हिडिओ पाहून मलाही राग आला होता. माझंही डोकं फिरलं होतं. मॅडमच्या त्या बांगड्या मी रोज पाहायची, पुस्तकं लावताना त्यांचा आवाज यायचा. पण शिक्का पाहिला आणि मी थांबले. कारण तो कागद मी तपासला नव्हता, आणि मॅडम तर तपासायला नव्हत्या. मग तपासला कोणी?

आमच्यापैकीच एकानं. त्यानं मला स्वतःहून सांगितलं. कृपा करून आता मागे वळून बघू नका. इकडे माझ्याकडे बघा.

त्यानं शिकवल्याप्रमाणेच पाहिलं होतं. स्कूटीचा नंबर मॅडमचा. साडी मॅडमची. मागे दिसणारा मैलाचा दगड आर्वी रस्त्याचाच. बांगड्या काढणारी बाई खरोखर पोडावरचीच. चित्रातलं सगळं खरं होतं. त्यानं डोळे पुसत पुसत शिक्का मारला. ओळ वेगळी तपासायची राहिली. बाईला विचारायचं राहिलं. मॅडमनी उभ्या हयातीत जे शिकवलं, ते त्यांच्याच बाबतीत आम्ही विसरलो. आम्ही, म्हणजे ग्रंथालयवाले. जे दुसऱ्याला शिकवतात ते.

मग मी उठले. मी काही शूर बाई नाही. पाल दिसली तरी मी काउंटर सोडते. तरी मी उठले, आणि मूळ गाठायला निघाले.

आधी मी मॅडमना दवाखान्यात नेणाऱ्या पिकअपवाल्याला गाठलं. त्या दिवशी तो आर्वीच्या बाजारात कापूस घेऊन चालला होता. तो म्हणाला, "बाई रस्त्याच्या मधात उभी होती ना मॅडम. मी हॉर्न वाजवून राह्यलो, ते हटे नाई. म्हने, माह्यावरून ने गाडी, नाईतं ह्यायले घेऊन जा." त्यानं कापसावरच मॅडमना निजवलं. ती बाई सोबत बसली, मॅडमचं डोकं मांडीवर घेऊन. पिशवी उचकणारा तो माणूस म्हणजे तिचा नवरा सोनबा, तो मागून सायकलनं आला.

मग मी दवाखान्यातल्या सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, बांगड्या त्या बाईनंच माझ्या हातात दिल्या. मॅडमच्या हाताला सूज चढत होती, बांगड्या मांसात रुतत होत्या, म्हणून काढल्या, आणि बरंच केलं. पिशवी कशाला उचकली? फोन शोधायला. घरी कळवायला. फोन सापडला, पण त्याला कुलूप होतं.

आणि मग मी मॅडमच्या भावाला, श्रीधरदादांना विचारलं. दादा, मी तुमची परवानगी घेऊन सांगते आहे. दादा म्हणाले, बांगड्या तर सिस्टरनं माझ्याकडे त्याच वेळी दिल्या, घरी कपाटात आहेत. त्यांना व्हिडिओचा पत्ताच नव्हता. बहीण गेल्यावर फोन कोण बघत बसतो?

मित्रहो, आपण हजारो हातांनी तो निरोप पुढे ढकलला, आणि ज्यांच्या घरात त्या बांगड्या होत्या त्यांना एकानंही विचारलं नाही.

मग शेवटचं राहिलं. पोडावर जायचं. ऑटोत बसले. मला वाटत होतं, हे लोक माझ्यावरच धावून आले तर? मी विद्यापीठाची, शिक्का विद्यापीठाचा. पण पोडावर धावून यायला कोणीच नव्हतं. दारं लावलेली. चुली थंड. एका घराच्या छपरावरची कवेलू फुटलेली, दगड अंगणात पडलेले. म्हणजे आपल्यातले काहीजण आधीच जाऊन आले होते. ते कोण, मी विचारणार नाही. मी हाका मारल्या. कोणी ओ देईना. एक कुत्रं तेवढं माझ्याकडे बघत उभं होतं. मला तिथून पळून यावंसं वाटत होतं.

मग तुरीच्या वावरातून व्हिडिओतली ती बाई, लक्ष्मीबाई, बाहेर आली. अंगाला तुरीचा पाला चिकटलेला, मागे पदराला धरून पोरगी. गाड्या आल्या, पोरं ओरडली, दगड पडले, म्हणून सारं पोड तुरीत आणि पलीकडच्या जंगलात शिरलं होतं. कोण आलं, काऊन आलं, त्यांना काही समजलं नव्हतं. तिथे फोनला रेंज येत नाही. आपण लिहिलेलं ज्यांच्याबद्दल होतं, त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं. फक्त दगड पोचले होते.

मी म्हटलं, मी ढोबळे मॅडमच्या ऑफिसातली. तशी ती भरभर जवळ आली. आणि तिनं मला काय विचारलं, माहीत आहे?

तिनं विचारलं, "मॅडम बऱ्या हायेत का आता?"

दादा, वहिनी, मला माफ करा. मला हे सांगितल्यावाचून राहवत नाही. साऱ्या जिल्ह्यानं तिला खुनी ठरवलं, आणि मॅडम गेल्या हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. ती शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, मटकन बसली. आपल्या कोलामी बोलीत पोरीला काहीतरी म्हणाली, मला ते समजलं नाही. मग मला म्हणाली, "रानडुक्कर आडवं आलं जी. मी रस्त्यावर पोचवाले आली होती, मॅडम फोनवर बोलून नुकत्याच वळल्या होत्या, मी अजून हात हलवून राह्यली होती. माह्या डोळ्यासमोर पडल्या." पोलिसांचं काम पोलीस करतील. त्यांनाही तिनं नंतर हेच सांगितलं, पिकअपवाल्यानंही सांगितलं आहे. मी फक्त जे विचारलं आणि ऐकलं ते तुमच्यापुढे ठेवते आहे. व्हिडिओ कोणी काढला, ओळ कोणी लिहिली, तो पहिला माणूस मला अजून सापडलेला नाही.

दुरुस्ती आम्ही आज सकाळीच पाठवली. शिक्क्याचा निरोप गावोगाव जाऊन मुक्कामाला पोचला, आणि आमची दुरुस्ती अजून आर्वीच्या स्टँडवर एसटीची वाट पाहत उभी आहे. तुमच्यातल्या किती जणांनी ती वाचली? मला हात वर नको आहेत. मला उत्तराची भीती वाटते.

मुलांनो, मी तुमच्यावर रागावलेली नाही. तुमचं प्रेम होतं मॅडमवर, म्हणून तुमचं रक्त तापलं. ज्यानं शिक्का मारला त्याचंही प्रेमच होतं. मला याचंच भय वाटतं. द्वेष करणारा माणूस दुरून ओळखू येतो. पण रडत रडत खोटं पुढे पाठवणारा तुमच्यासारखा असतो, माझ्यासारखा असतो, त्याला कसं ओळखायचं? मॅडमनी ते शिकवलं होतं की नाही, मला आठवत नाही. विचारायला त्या नाहीत.

आता शेवटचं.

लक्ष्मीबाई इथे आल्या आहेत. डाव्या हाताच्या दाराजवळ, खांबाला टेकून बसलेल्या. डोक्यावर हिरवा पदर आहे. तुम्ही जागा करून दिली, कोणी पाणी दिलं, तुम्हाला वाटलं मॅडमच्या गावाकडची कोणी नातेवाईक असेल. मी त्यांना म्हटलं होतं, येऊ नका, सध्या नको. त्या म्हणाल्या, "माह्या मांडीवर डोकं ठेवून दवाखान्यात गेल्या ना मॅडम. मले तिथं याच लागते." सोनबा पोडावरच थांबले आहेत, पोरीपाशी. आपल्या फाटकाशी आलो, ही गर्दी दिसली, तशी त्यांनी माझा हात धरला. विचारलं, "मले मारतीन का?"

मी त्यांना ‘नाही’ म्हणू शकले नाही. मी इतकी वर्षं इथे आहे, तुमच्यातल्या अनेकांना नावानं ओळखते, तुमचे घरचे नंबर मला पाठ आहेत. तरी मला छातीठोकपणे ‘नाही मारणार’ म्हणता आलं नाही. मी म्हटलं, माझ्यासोबत राहा. आणि तेव्हापासून मी सारखी त्या दाराकडे बघते आहे.

आता आपण मॅडमसाठी उभे राहणार आहोत. नेहमी दोन मिनिटं शांतता पाळतात. आजची शांतता घड्याळावर नाही. तुम्ही उभे राहाल तेव्हा लक्ष्मीबाई उठतील आणि मधल्या वाटेनं बाहेर जातील. त्या एकट्या जाणार नाहीत. ज्यानं तो शिक्का मारला, तो त्यांच्यासोबत चालत जाणार आहे. त्यानंच तसं म्हटलं. तो त्यांच्यासोबत पोडावर जाऊन सोनबाला आणि वस्तीतल्या साऱ्यांना तोंडानं सांगणार आहे की हे मी केलं. तो कोण, हे तुम्हाला आता दिसेल. तो तुमचा आवडता माणूस आहे, हेही दिसेल. त्याला काही बोलू नका. त्यांना काही बोलू नका. फोन वर करू नका. हा व्हिडिओ कोणी काढू नका, मी हात जोडते.

फक्त वाट द्या. व्हरांड्यातल्या मुलांनो, तुम्हीही. गाड्यांच्या रांगेत जे उभे आहेत, त्यांनीही. ऑटो सुरू होऊन फाटकाबाहेर गेल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत ही शांतता. तोवर कोणी जागचं हलायचं नाही.

ढोबळे मॅडम, तुम्हाला माझा शेवटचा नमस्कार.

उठा लक्ष्मीबाई. सगळ्यांनी उभं राहावं.